नोंदवहीबाहेरची स्त्री : तानचेंग परगण्याचा इतिहास आणि त्याची साधने

साम्राज्याचा इतिहास राजधानीवरून लिहिण्याची प्रथा जुनी आहे. तोच इतिहास एखाद्या उपेक्षित परगण्यावरून लिहावयाचा झाल्यास साधनांचा प्रश्न प्रारंभीच आडवा येतो. जोनाथन स्पेन्स (१९३६-२०२१) यांचा ‘द डेथ ऑफ वूमन वांग’ हा १९७८ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ अशा प्रयत्नांत विशेष महत्त्वाचा आहे. चीनच्या शांतुंग प्रांतातील तानचेंग या परगण्यातील सतराव्या शतकाच्या उत्तरार्धाचे चित्र त्यात रेखाटले आहे. ग्रंथ आकाराने लहान आहे, परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न मोठा आहे : ज्या व्यक्तीस कोणत्याही नोंदवहीत स्थान नव्हते, तिचा इतिहास कोणत्या आधारावर लिहावयाचा?

प्रथम भूमीचा विचार करणे अगत्याचे आहे. तानचेंग हा परगणा शांतुंगच्या अगदी दक्षिण टोकास, ज्यांगसू प्रांताच्या सीमेवर वसलेला आहे. उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशातून उतरणाऱ्या यी आणि शू या दोन नद्या त्यातून दक्षिणेकडे वाहतात. बाराव्या शतकापासून १८५५ पर्यंत पीत नदीचा प्रवाह या प्रदेशाच्या दक्षिणेकडून समुद्रास मिळत असे. तिने आणलेल्या गाळामुळे यी व शू यांच्या पाण्याचा निचरा अडे आणि सखल शेते वारंवार पाण्याखाली जात. शू नदीसाठी पूर्वेकडे समुद्रापर्यंत नवा प्रवाह खोदण्याचे काम १९४९ नंतरच झाले. याच भूमीखालून एक मोठा भूकवचभंग जातो. तानचेंग आणि आन्ह्वे प्रांतातील लूज्यांग या दोन स्थळांच्या आद्याक्षरांवरून भूशास्त्रज्ञ त्यास ‘तान-लू’ म्हणतात. उत्तर-दक्षिण जाणारा सरकारी टपालमार्गही येथूनच जात असे, आणि सीमेवरील होंगह्वाबू येथील टपालठाण्यासाठी घोडे व माणसे पुरविण्याचा भार परगण्याच्या माथी होता. पूर, भूकंप आणि वेठ ही तिन्ही संकटे अशा रीतीने तानचेंगच्या स्थानातूनच उद्भवली होती.

प्राचीनत्वाच्या दृष्टीने हे स्थळ सामान्य नाही. ‘त्सो-च्वान’ या प्राचीन इतिवृत्तानुसार इ. स. पूर्व ५२५ मध्ये तानचा अधिपती लू राज्याच्या भेटीस गेला असता तरुण कन्फ्यूशियसने त्याच्याकडून प्राचीन अधिकारपदांच्या नावांविषयी ज्ञान घेतले. स्पेन्स यांनी निवडलेल्या काळात मात्र या गौरवाचा मागमूस उरला नव्हता. १६२२ मध्ये श्वेतकमल पंथाचे बंड झाले, १६४३ च्या प्रारंभी मांचू सैन्याने नगर लुटले, आणि २५ जुलै १६६८ रोजी चीनच्या ज्ञात इतिहासातील अत्यंत प्रचंड भूकंपांपैकी एक येथे झाला. त्याची तीव्रता आधुनिक अनुमानानुसार साडेआठच्या आसपास होती.

या घटनांचे पहिले साधन म्हणजे तानचेंगचा माजी परगणाधिकारी फेंग कत्सान याने १६७३ मध्ये संपादिलेला स्थानिक वृत्तांत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांशी परिचित असलेल्या अभ्यासकास या ग्रंथप्रकाराची कल्पना सहज येईल. तथापि चिनी वृत्तांत तेथील अधिकारी आणि स्थानिक विद्वान यांनी स्वतःच्या परगण्याविषयी, ठराविक प्रकरणांच्या चौकटीत लिहिलेला असे. तट, नद्या, कर, अधिकारी, सद्वर्तनी पुरुष, पतिव्रता स्त्रिया अशी त्याची मांडणी असते. या चौकटीत जे बसते त्याची नोंद होते.

भूकंपाची नोंदच या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. परगण्यात ८,७०० हून अधिक स्त्री-पुरुष व मुले दगावली असे वृत्तांत सांगतो, आणि लगेच त्यांपैकी करपटावर नोंदलेले पुरुष १,५०० हून थोडे अधिक होते अशी जोड देतो. ही जोड का दिली गेली? चिनी लोकसंख्येच्या इतिहासाचे संशोधक हो पिंग-ती यांनी १९५९ मध्ये दाखविले की, ‘तिंग’ ही या पटावरील संज्ञा तत्त्वतः प्रौढ पुरुषाची असली तरी व्यवहारात ती करआकारणीचे एकक बनली होती. मेलेल्या नोंदलेल्या पुरुषांची संख्या हा परगण्याच्या वसुलीचा प्रश्न होता. उरलेली सुमारे ७,२०० माणसे वसुलीच्या हिशेबात येत नव्हती. वृत्तांताने त्यांची एकत्रित गणना केली हेच पुष्कळ. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे राज्यसंस्थेच्या दृष्टीचे माप होय.

दुसरे साधन याहून निराळे आहे. १६७० ते १६७२ या काळात तानचेंगचा अधिकारी असलेल्या ह्वांग ल्यूहोंग याने पुढे, १६९४ च्या सुमारास, नव्या अधिकाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केला. परगण्यातील माणसांना जिवाची किंमत वाटेनाशी झाली होती आणि आत्महत्या नित्याच्या झाल्या होत्या, हे त्याचे निरीक्षण स्पेन्स यांनी योग्य रीतीने मध्यवर्ती मानले आहे. वांग ही स्त्री आपणास भेटते ती याच ग्रंथात. ‘वांग’ हे तिच्या माहेरचे कुलनाम. तिचे स्वतःचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. ती रेन नामक मजुराची पत्नी. परपुरुषाबरोबर ती पळाली, त्याने तिला वाटेत टाकले, आणि ती परतली. १६७२ च्या आरंभीच्या हिवाळ्यात नवऱ्याने तिचा गळा दाबला आणि खुनाचा आळ शेजाऱ्यावर घेतला. ह्वांगने हा खोटेपणा उघडकीस आणला. अशा कृत्याबद्दल देहान्त शासन शक्य असताही म्हातारा बाप, कुळास वारस नसणे आणि मृत स्त्रीचे वर्तन या गोष्टी ध्यानात घेऊन त्याने रेनला फटके व मानेभोवती लाकडी खोडा एवढीच शिक्षा दिली. ह्वांगने हे प्रकरण नोंदले ते तपासाच्या कौशल्याचे उदाहरण म्हणून. वांगचे आयुष्य हा त्याचा विषय नव्हता.

येथे स्पेन्स यांच्यापुढे अडचण उभी राहते. ती स्त्री काय इच्छीत होती, हे कोणतेच साधन सांगत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ते तिसऱ्या साधनाकडे, पू सुंगलिंग (१६४०-१७१५) याच्या अद्भुतकथांकडे वळतात. त्या कथांतील निरनिराळे तुकडे एकत्र गुंफून मरणापूर्वी वांगला पडलेले एक स्वप्न त्यांनी रचले आहे. हे तुकडे कोठून घेतले ते टीपांत प्रामाणिकपणे नमूद आहे, त्यामुळे लपवाछपवीचा आरोप टिकणार नाही. पू हा समकालीन आणि शांतुंगचाच होता, १६६८ चा भूकंप त्याने स्वतः अनुभवला आणि लिहून ठेवला, तसेच १६७०-७१ मध्ये नोकरीनिमित्त तो दक्षिणेकडे ज्यांगसूमधील बाओयिंग येथे गेला होता, हेही स्पेन्स यांच्या बाजूने सांगता येईल.

तथापि हे समर्थन पुरेसे ठरत नाही. पूचे झिच्वान हे गाव पर्वतराजीच्या पलीकडे, उत्तर शांतुंगमध्ये आहे, आणि भूकंपही त्याने अनुभवला तो उत्तरेकडील लिन्झ येथे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, परीक्षांत वारंवार अपयश आलेल्या एका विद्वान पुरुषाची ही कल्पनासृष्टी आहे. तिच्यातील सुंदर, वैभवशाली, स्वच्छंद स्त्रिया बहुधा एकाकी पुरुषाच्या स्वप्नातून अवतरतात. त्यांच्या आधारे मजुराच्या पत्नीचे अंतरंग उलगडू पाहणे म्हणजे एका वर्गाची आकांक्षा दुसऱ्या वर्गाच्या नावावर चढविणे होय. ज्या स्त्रीस नोंदवहीने मूक ठेवले, तिच्या तोंडी अशाने पुन्हा परकी भाषा येते.

स्पेन्स यांची खरी कामगिरी स्वप्नाच्या अलीकडील पृष्ठांत आहे. पळालेल्या जोडप्यास कोणते मार्ग उपलब्ध होते, प्रांताची सीमा किती जवळ होती, पळून गेलेल्या स्त्रीस कायदा कसा वागवी, आणि सोडून दिलेल्या स्त्रीस थारा किती ठिकाणी मिळू शके, याचा विचार ते करतात तेव्हा वांगची कोंडी कोणत्याही कल्पनेवाचून दृग्गोचर होते. सीमा हाकेच्या अंतरावर असूनही तिला परतावे लागले, ही एकच वस्तुस्थिती पुष्कळ काही सांगून जाते. भूमी, मार्ग आणि कायदा यांची सांगड घातली असता तिच्यापुढील पर्याय निश्चित करता येतात. तिच्या मनाविषयी तर्क करण्यापूर्वी इतिहासकाराने येथवर येणे आवश्यक आहे, आणि बहुधा येथेच थांबणे श्रेयस्कर.

साधनांतील मौन भरून काढण्यापेक्षा मोजणे शक्य असते, हा तानचेंगच्या अभ्यासाचा धडा होय. ८,७०० आणि १,५०० या दोन आकड्यांनी ते मोजमाप वृत्तांतकर्त्याने, नकळत का होईना, करून ठेवले आहे. वांग भूकंपातून वाचली होती. त्यात ती दगावली असती तर पटावर नसलेल्या त्या सात हजारांत तिचीही एक भर पडली असती, आणि तिच्याविषयी प्रश्न विचारण्याचीही सोय उरली नसती.