रुग्णालयीन साहित्याची रेडिओ-लहरींद्वारे नोंद : एक चिकित्सा

रुग्णालयातील साहित्याचा वापर अचूक नोंदविण्यासाठी ‘आरएफआयडी’ पट्ट्यांचा पुरस्कार केला जातो. या प्रतिपादनाची दुसरी बाजू ॲमस्टरडॅम येथील अभ्यासाने २००८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातून मांडली. रुग्णांना न जोडलेल्या ४१ अतिदक्षता उपकरणांवर १२३ चाचण्या घेतल्या असता ३४ वेळा व्यत्यय आढळला; त्यांपैकी २२ प्रसंग धोकादायक ठरले. श्वसनयंत्र बंद पडणे, सिरिंज पंप थांबणे हे त्यांतील प्रकार होत.

सदर अभ्यास दोनच प्रणालींपुरता मर्यादित असल्याने त्यावरून तंत्रज्ञान सरसकट त्याज्य ठरत नाही. तथापि, खाटेजवळ ते बसविण्यापूर्वी त्याच ठिकाणी चाचणी घेणे अपरिहार्य आहे, हे त्यातून निर्विवादपणे सिद्ध होते.

याहून मूलभूत प्रश्न नोंदीच्या अर्थाचा आहे. पट्टी वस्तूचे स्थान सांगते, तिचा उपयोग नव्हे. कपाटातून निघालेली सलाइनची बाटली रुग्णाला लावली गेली, की फुटली, की तशीच पडून राहिली, हे परिचारिकेच्या नोंदीवाचून कळत नाही. शिवाय धातू व द्रवपदार्थ लहरींना अडथळा करतात. रुग्णालयात या दोहोंचीच रेलचेल असते. म्हणून ही प्रणाली परिचारिकेच्या नोंदीस पूरक ठरावी, पर्याय नव्हे. भांडाराचा हिशेब जुळविताना रुग्णाची सुरक्षितता पणाला लागता कामा नये.