अमरत्वाचा मोह

भयकथेनें अंगावर कांटा आणावा, याहून अधिक अपेक्षा आपण तिच्याकडून सहसा करीत नाहीं. दिवा लागतांच भूत नाहींसें झालें, कीं आपलें व तिचें नातें संपलें. परंतु भयाचा उगम शोधूं गेल्यास तो भुतांत नसून मरणांत सांपडतो. आणि मरणाचा प्रश्न निघाला म्हणजे धर्माचा प्रश्न फार वेळ दूर ठेवतां येत नाहीं. या दोन्ही प्रश्नांशीं प्रामाणिकपणें झुंजणारी भयकथा विरळाच. माइक फ्लॅनगन या अमेरिकन दिग्दर्शकाची २०२१ सालीं नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झालेली ‘मिडनाइट मास’, म्हणजे मध्यरात्रीचा मिस्सा, ही सात भागांची मालिका अशा विरळा कृतींपैकीं एक होय.

क्रॉकेट आयलंड हें कल्पित बेट. वस्ती अवघी १२७ माणसांची. समुद्रांत तेल सांडल्यामुळें मासेमारीस उतरती कळा लागलेली. अशा बेटावर दोघेजण येतात. राइली फ्लिन हा तरुण मद्याच्या धुंदींत मोटार हांकून एका मुलीच्या मृत्यूस कारण झाला, आणि चार वर्षांचा तुरुंगवास भोगून घरीं परतला आहे. त्याची श्रद्धा पार आटली आहे. दुसरे फादर पॉल, वृद्ध धर्मगुरु प्रुइट यांच्या जागीं आलेले. त्यांच्या पाठोपाठ चमत्कार घडूं लागतात. पांगळी लीझा चालूं लागते, म्हातारपणाच्या खुणा पुसल्या जातात, ओस पडलेलें चर्च भरून जातें. पुढें उलगडा होतो तो असा कीं, फादर पॉल म्हणजे स्वतः प्रुइटच! पवित्र भूमीच्या यात्रेंत ते वाळवंटांत वाट चुकले असतां, पंख असलेल्या एका प्राण्यानें त्यांचें रक्त पिऊन आपलें रक्त त्यांस पाजलें आणि त्यांचें तारुण्य परत आलें. त्या प्राण्यास देवदूत समजून त्यांनीं तो बेटावर आणला, व त्याचें रक्त मिस्साच्या द्राक्षारसांत मिसळून भाविकांस दिलें.

रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचें इंग्रजींतील सर्वश्रुत नांव सातहि भागांत कोणी उच्चारीत नाहीं. ही निव्वळ चतुराई नव्हे. जें हवें तें देणाऱ्यास मनुष्य देवदूतच म्हणतो. त्याचे दांत त्यास दिसत नाहींत. प्रुइट दुष्टहि नाहींत. ज्या स्त्रीवर त्यांनीं गुप्तपणें प्रेम केलें ती मिल्ड्रेड वृद्धापकाळानें भ्रमिष्ट झाली आहे, आणि तिच्यापासून झालेली मुलगी त्यांस पिता म्हणून ओळखत नाहीं. गेलेलें आयुष्य परत मिळावें, एवढाच त्यांचा मोह. त्यास ते सार्वकालिक जीवनाचें नांव देतात. श्रद्धेनें मरणास सामोरें जाण्याचें बळ द्यावें, कीं मरणापासून सुटका द्यावी? सगळी मालिका या एका प्रश्नावर उभी आहे. आणि ज्यानें आपलें माणूस अंथरुणावर खंगतांना पाहिलें आहे, त्यास हा प्रश्न परका वाटणार नाहीं.

या प्रश्नाचें उत्तम उत्तर, आमच्या मतें, कोणत्याहि भाषणांत नसून एका लहानशा प्रसंगांत आहे. लीझा पांगळी झाली ती जो कॉली या मद्यपी माणसाच्या हातून चुकून सुटलेल्या गोळीमुळें. पाय परत मिळाल्यावर ती त्याच्या दारीं जाते, आपला सारा द्वेष त्यास ऐकवते, आणि मग त्यास क्षमा करते. शेवटीं तो प्राणी दूर उडून जातो आणि लीझाच्या पायांतील संवेदना पुन्हा नष्ट होते. रक्तानें दिलेलें रक्ताबरोबर गेलें. क्षमेस मात्र त्या रक्ताची गरज नव्हती, म्हणून ती उरली. खरा चमत्कार कोणता, हें सांगण्यास याहून अधिक शब्द नकोत.

दुर्दैवानें फ्लॅनगन यांचा इतरत्र शब्दांचा लोभ सुटत नाहीं. मृत्यूनंतर काय, याविषयीं राइली व एरिन यांचा संवाद दीर्घ असूनहि मनांत ठसतो. कारण नुकतेंच न जन्मलेलें मूल गमावलेली एरिन त्या मुलाविषयीं बोलते, आणि तिची श्रद्धा तिच्या दुःखांतून उमललेली असते. अखेरच्या भागांत मरतां मरतां तीच एरिन, आपण व विश्व एकच, असें सांगते. अद्वैत कीर्तन-प्रवचनांतून लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या कानांस हें गोड लागेल. पण म्हणूनच सावध राहिलें पाहिजे. पहिलें बोलणें एरिनचें आहे, दुसरें कर्त्याचें. शास्त्रवचनें मुखोद्गत असलेली बेव्ह कीन हीहि इतकी काळीकुट्ट रंगविली आहे कीं तिच्या जागीं स्वतःस पाहण्याची भीति प्रेक्षकास उरत नाहीं. तिला एखादा तरी हळवा क्षण लाभता, तर ती अधिक भयंकर झाली असती.

तरीहि शेवटची पहाट या दोषांस पुरून उरते. सारीं घरें जळालीं आहेत. ज्यांनीं तें रक्त पिऊन मरणावर मात केली, त्यांस सूर्योदयापासून लपण्यास जागा नाहीं. आपण रात्रीं काय केलें हें उमगलेले लोक पळत नाहींत. एकत्र उभे राहून स्तोत्र गातात. मुसलमान पोलीस अधिकारी हसन आणि त्याचा मुलगा अली समुद्रकांठीं शेजारीं बसून नमाज पढतात. बेव्ह एकटीच वाळूंत खळगा उकरीत असते. त्या क्षणीं श्रद्धाळू आणि श्रद्धाहीन यांतील रेघ पुसली जाते. एका बाजूस मरण पत्करणारे, आणि दुसऱ्या बाजूस नखांनीं वाळू उकरणारी ती एकटी. मालिका संपल्यावर त्या प्राण्याचें भय फारसें उरत नाहीं. आपण त्या किनाऱ्यावर असतों तर गात उभे राहिलों असतों, कीं वाळू उकरीत बसलों असतों, ही शंका मात्र मनांतून जात नाहीं.