देवाच्या सर्व लेकरांचे मोल : एक परामर्श

सिद्धांताविषयी मंडळीत एकमत नसताना शाळेतील लेकराचे रक्षण करता येते काय? या प्रश्नाला चर्च ऑफ इंग्लंडने आपल्या शाळांपुरते जे उत्तर दिले, ते ‘व्हॅल्युइंग ऑल गॉड्स चिल्ड्रन’ या मार्गदर्शिकेत सापडते. २०१४ साली ती निघाली तेव्हा समलिंगी मुलामुलींचा छळ एवढाच तिचा विषय होता. २०१७ च्या आवृत्तीत उभयलैंगिक व पारलिंगी मुलांचाही विचार आला. २०२५ मध्ये तिच्या जागी नवे मार्गदर्शन आले असले, तरी तिचा मूळ विचार आपल्या पाळकांनी व धर्मशिक्षकांनी पारखून घ्यावा असा आहे.

प्रथम पार्श्वभूमी. इंग्लंडात १९८८ च्या कायद्याने स्थानिक शासनसंस्थांना समलैंगिकतेला ‘उत्तेजन’ देण्यास मनाई केली. परिणामी, त्रास सोसणाऱ्या मुलाशी बोलण्यासही अनेक शिक्षक धजेनात. ते कलम २००३ मध्ये रद्द झाले. पुढे २०१३ मध्ये आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी महासभेपुढे या छळाविरुद्ध पाऊल उचलण्याचे जाहीर केले. मार्गदर्शिका हे त्याचेच फळ होय.

तिचा मुख्य गुण असा की, विवाह व लैंगिक नीती यांविषयीचा वाद मिटविल्याचा आव ती आणीत नाही. प्रत्येक लेकरू देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाले आहे आणि प्रभूने देऊ केलेल्या विपुल जीवनात त्याचा वाटा आहे, या दोन विधानांवर ती उभी आहे. ही विधाने वादातील दोन्ही पक्षांना मान्य आहेत. छळ थांबविण्यास याहून अधिक एकमत लागत नाही, हा विचार आम्हांस निर्णायक वाटतो. ‘गे’ हा शब्द शिवीसारखा उच्चारला गेला, तर शिक्षकाने तो कानाआड करू नये, असेही ती बजावते.

२०१७ मध्ये वृत्तपत्रांनी गदारोळ केला तो एका लहानशा उताऱ्यावरून. बालवर्गातील मुलाने खेळताना राजकन्येचा मुकुट घालावा किंवा अग्निशामकाचे शिरस्त्राण; त्यावर कोणी शेरा मारू नये, एवढाच त्याचा आशय. टीकाकारांना यात मोठे संकट दिसले. बाळाला निर्भयपणे खेळू द्यावे, याहून अधिक काही आम्हांस त्यात आढळत नाही.

उणीव आहे ती निराळी. मार्गदर्शिकेचा भर मुख्यतः विद्यार्थ्याने विद्यार्थ्याच्या केलेल्या छळावर आहे. मतभेद सभ्यपणे मांडण्याची मुभा ती देते, आणि ते योग्यच. परंतु धर्मशिक्षणाच्या तासाला पापाची उदाहरणे देताना वर्गाच्या नजरा कोणाकडे वळतात, याचा शोध ती पुरेसा घेत नाही. लहानग्यांना अडखळविणाऱ्यांविषयी मत्तय १८ मध्ये प्रभूने दिलेला कठोर इशारा मोठ्यांसाठी आहे. त्याच्या आधारे येथे अधिक खोल जाता आले असते.

आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तींशी भेदभाव न करण्याचे बंधन शिक्षणसंस्थांवर घातले. तथापि २०२१ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पारलिंगी मुलांविषयी शिक्षकांसाठी काढलेली पुस्तिका, आक्षेप येताच काही दिवसांत मागे घेतली गेली. शासनाची पुस्तिका मागे घेता येते. पण मुलाची जबाबदारी ख्रिस्ती शाळेला मागे घेता येत नाही.

‘बायल्या’ ही हाक आपल्याही वर्गांतून ऐकू येते, आणि कित्येकदा तीवर शिक्षकही हसतात. ज्या मुलाला ती हाक मारली जाते, ते रविवारी आपल्याच उपासनेत बसलेले असते. एखाद्या दिवशी ते आपल्यापाशी मन मोकळे करील. तेव्हा त्याचे गुपित पंचांच्या बैठकीत वा उपदेशात नेऊ नये. प्रथम ते सुरक्षित आहे काय, हे विचारावे. मार्गदर्शिकेतून एवढे जरी आपण घेतले, तरी तिचे वाचन सार्थकी लागेल.