काँक्रीटखाली जाण्याआधी

पूल, धरण किंवा रेल्वेमार्ग पुरा झाला की त्याचे छायाचित्र कुणालाही, केव्हाही काढता येते. काम चालू असतानाचे छायाचित्र मात्र हुकले की हुकले. सळयांचे जाळे काँक्रीटखाली जाते, गाव पाण्याखाली जाते, मजूर पुढच्या कामावर निघून जातात. जे झाकले जाणार आहे ते नोंदवून ठेवणे हाच बांधकाम टिपण्याच्या कलेचा धर्म आहे. आज बांधकामांवर पूर्वी कधी नव्हते इतके कॅमेरे रोखलेले आहेत आणि नेमका तोच धर्म सुटत चालला आहे.

१८६३ मध्ये खुल्या झालेल्या भोर घाटाच्या रेल्वेचे कंत्राट पतीच्या मृत्यूनंतर अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी पुढे चालवले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छायाचित्रांत त्या कामाचे दर्शन घडते. त्या काळच्या काचेच्या ओल्या प्लेटवर स्थिर दगड स्वच्छ उमटे, हलता माणूस पुसट होई. या घाटात हजारो मजूर दगावले, पण घाव घालणारा हात टिपणे तेव्हाच्या तंत्राला अवघडच होते. ती अडचण पुढे सरली. १९३६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या पहिल्या मुखपृष्ठावर छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी टिपलेले फोर्ट पेक धरणाचे अजस्र काँक्रीट झळकले, आतल्या पानांवर धरणाभोवती उगवलेल्या वस्त्यांमधले मजुरांचे जगणे होते. दोन्ही मिळूनच ते धरण पुरे दिसते. आजच्या टाइमलॅप्समध्ये मात्र महिने काही सेकंदांत आटतात, खांब आपोआप उगवल्यासारखे दिसतात आणि माणूस पुन्हा पुसट होतो. तेव्हा तो तंत्रामुळे हरवत होता, आज आपल्या निवडीमुळे हरवतो.

यावर अभियंते म्हणतील की ड्रोन हा निःपक्षपाती साक्षीदार आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ मध्ये कामांचे दरमहा ड्रोनचित्रण सक्तीचे केले. भराव कुठवर आला, काम कुठे अडले हे त्यातून कळते. कंत्राटाच्या वादात ते पुरावा म्हणूनही उपयोगी पडते. हा लाभ खराच आहे. पण पुलाचे आयुष्य सळईवर किती काँक्रीट चढले यावर बऱ्याच अंशी ठरते आणि दोन उड्डाणांच्या मधे ती सळई कायमची झाकली जाते. त्या मानाने कामाआधी, काम चालू असताना आणि काम संपल्यावर अशी तीन छायाचित्रे मागणारी मनरेगा या रोजगार हमी योजनेची साधी पद्धत या धर्माच्या अधिक जवळ होती.

भव्यता टिपायची तर दूर जावेच लागते, हा कलावंतांचा आक्षेपही तपासून पाहावा. छायाचित्रकार एडवर्ड बर्टिन्स्की यांच्या चीनमधील थ्री गॉर्जेस धरणाच्या चित्रांची चौकट विशालच आहे, पण बुडणारी आपलीच शहरे हातांनी उतरवणारी माणसे तिच्यात मावतात. दोष अंतराचा नाही, नजरेचा आहे. काम करवून घेणाऱ्याने पैसे दिलेले चित्रण जाहिरातच होणार, असेही म्हटले जाते. म्हणूनच त्याला बाहेरच्या कॅमेऱ्याची जोड हवी. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या १९९५च्या ‘अ नर्मदा डायरी’ या माहितीपटाने सरदार सरोवर धरणाची जी बाजू जपली, ती कुठल्याही प्रगती अहवालात सापडणार नाही.

तेव्हा निविदेतच अट हवी: काँक्रीट ओतण्याआधीची सळई, उठवण्याआधीचे गाव आणि कामावरचे मजूर यांची छायाचित्रे घ्यावीत आणि ती लोकांना पाहता येतील अशी जपावीत. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या पुलाचे झाकलेले अंगही सार्वजनिकच असते.