चेकपॉइंटनंतर सामायिक फायलींचे पुनःस्थापन : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

चालू असलेली संगणकीय प्रक्रिया मध्येच थांबवावी, तिची संपूर्ण अवस्था साठवून ठेवावी आणि पुढे त्याच बिंदूपासून, प्रसंगी दुसऱ्या यंत्रावर, ती पुन्हा सुरू करावी ही कल्पना संगणकशास्त्रात जुनी आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या वैज्ञानिक गणनांसाठी तिचा उपयोग प्रथमपासून होत आला. कुबरनेटीसच्या १.२५ या आवृत्तीत २०२२ साली चालू कंटेनरचा चेकपॉइंट घेण्याची सोय प्रायोगिक स्वरूपात दाखल झाली. या विषयावरील विवेचनात स्मृतीची पाने कशी साठवावीत, त्यास किती जागा व वेळ लागतो, याचाच ऊहापोह अधिक आढळतो. उघड्या फायलींचा प्रश्न मात्र किरकोळ मानला जातो. फाईलचा मार्ग व वाचनस्थान टिपावे, फाईल पुन्हा उघडावी आणि त्या स्थानी जावे, एवढ्यात काम भागते अशी समजूत दिसते. एकच प्रक्रिया असेल तर ती बहुतांशी खरीही आहे. अनेक प्रक्रिया असतील तेथे मात्र ती फसवी ठरते.

याचे मूळ युनिक्सच्या रचनेत आहे. प्रक्रियेजवळ फाईल नसते, फक्त एक क्रमांक असतो. तो क्रमांक कर्नलमधील एका मधल्या नोंदीकडे निर्देश करतो आणि ती नोंद प्रत्यक्ष फाईलकडे. वाचन-लेखनाचे चालू स्थान या मधल्या नोंदीत राहते. फोर्क या क्रियेने अपत्य प्रक्रिया जन्मास येते तेव्हा क्रमांकांची प्रत निघते, नोंदीची निघत नाही. ग्रंथालयातील एकच प्रत दोन वाचक आळीपाळीने वाचत असावेत आणि त्यात खूणपट्टीही एकच असावी, तसा हा प्रकार आहे. तो अपघाताने आलेला नाही. शेलमध्ये कंसात लिहिलेल्या दोन आज्ञांचे उत्पादन एकाच फाईलमध्ये एकापाठोपाठ उतरते, ते या सामायिक खुणेमुळेच.

आता पालक व अपत्य एकाच निकाल-फाईलमध्ये लिहीत आहेत आणि खूण ४०९६ व्या बाइटवर आहे असे धरू. चेकपॉइंटनंतर दोघांनी ती फाईल स्वतंत्रपणे उघडली, तर खुणा दोन होतात. पालक ४०९६ पासून १०० बाइट लिहितो, अपत्यही ४०९६ पासूनच १०० बाइट लिहिते आणि पहिल्याचे लेखन पुसले जाते. कोणतीही त्रुटीसूचना येत नाही. फाईल केवळ शेवटी जोडण्याच्या पद्धतीने उघडलेली असल्यास हा दोष झाकला जातो. त्यामुळे नोंदवहीसारख्या फायलींवर चाचणी घेणाऱ्यास तो दिसतच नाही.

सामायिकता पुन्हा निर्माण करण्यापूर्वी ती ओळखावी लागते, आणि अवघड भाग हाच आहे. प्रॉक फाईलप्रणालीत दोन प्रक्रियांसाठी तोच मार्ग, तेच स्थान व तेच ध्वज दिसले तरी नोंद एकच आहे असे सिद्ध होत नाही. दोघांनी फाईल वेगवेगळी उघडूनही त्या योगायोगाने त्याच ठिकाणी असू शकतात. कोलंबिया विद्यापीठातील ओरेन लादान यांच्या लिनक्स-सीआर या प्रयत्नात सर्व काम कर्नलच्या आत होते. तेथे नोंदीचा पत्ता हाताशी असल्याने उत्तर सोपे होते : प्रत्येक वस्तू प्रथम भेटली की तिची अवस्था साठवावी, पुन्हा भेटली की केवळ खूण-क्रमांक लिहावा. रचना म्हणून ती सर्वांत स्वच्छ होती. परंतु जवळपास शंभर पॅचांचा तो संच मुख्य लिनक्समध्ये स्वीकारला गेला नाही.

नॉर्थईस्टर्न विद्यापीठाशी निगडित डीएमटीसीपीने कर्नलला हातही लावला नाही. या प्रणालीच्या २००९ च्या निबंधात वर्णिलेली युक्ती दाद देण्याजोगी आहे. फाईलचा 'मालक' ठरवण्याची सोय मधल्या नोंदीतच असते. तिचा उद्देश वास्तविक संकेत कोणाला पाठवावा हे सांगण्याचा. प्रत्येक प्रक्रियेने त्या जागी स्वतःचे नाव लिहायचे, ज्याचे नाव शेवटी उरेल तो नेता. नोंद एकच असेल तर नेताही एकच निघतो. पुनःस्थापनेच्या वेळी एकच प्रक्रिया फायली उघडते व नंतर फोर्क करते. सामायिकता वारशाने मिळते. मात्र ही निवडणूक केवळ डीएमटीसीपीच्या नियंत्रणाखालील प्रक्रियांमध्ये होते. शिवाय निरीक्षणासाठी निरीक्ष्य वस्तूच बदलावी लागते, आणि मूळ मालक आठवणीने परत लिहावा लागतो.

पावेल एमेल्यानोव्ह यांनी २०११ मध्ये आरंभलेल्या क्रियू प्रकल्पाने मधला मार्ग धरला. काम कर्नलबाहेर, पण कर्नलकडून नेमकी तेवढीच माहिती मागायची. २०१२ मध्ये हे बदल पुढे पाठवताना अँड्र्यू मॉर्टन यांचा सूर थट्टेचा व काहीसा साशंक होता. त्याच वर्षी लिनक्स ३.५ मध्ये केसीएमपी ही सिस्टिम कॉल आली. दोन प्रक्रियांतील दोन क्रमांक एकाच नोंदीकडे जातात का, याचे ती उत्तर देते. नोंदीचा पत्ता उघड करणे सुरक्षिततेस बाधक, म्हणून ती केवळ समान, लहान वा मोठे असा क्रम सांगते, तोही झाकलेल्या पत्त्यांवरून. क्रम मिळाल्याने वृक्षरचना शक्य होते. १,००० क्रमांकांच्या प्रत्येक जोडीसाठी ४,९९,५०० तुलना लागल्या असत्या. वृक्षात दहा हजारांच्या आसपास पुरतात. पुनःस्थापनेत प्रत्येक गटातील एक क्रमांक प्रमुख ठरतो. त्याची प्रक्रिया फाईल उघडते आणि इतरांना युनिक्स सॉकेटवरून ती सुपूर्द करते. अशी सुपूर्द केलेली फाईल नवी नोंद निर्माण करीत नाही, हे येथे महत्त्वाचे.

एका विचित्र प्रकल्पासाठी कर्नलमध्ये अडगळ वाढेल, ही त्या वेळची शंका कितपत खरी ठरली? २०२१ मध्ये लिनक्स ५.१२ पासून केसीएमपी चेकपॉइंटच्या पर्यायाविनाही निवडता येऊ लागली, कारण ग्राफिक्सच्या क्षेत्रातही तिची गरज भासली होती. शंका निराधार नव्हती, पण या कॉलपुरती तरी ती टिकली नाही.

क्रियूच्या मर्यादाही स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पुसून टाकलेली पण उघडी असलेली फाईल ती साठवते, परंतु मूलतः १ एमबीपर्यंतच. त्यापुढे मर्यादा वाढवावी लागते. अन्य फायलींचा मजकूर ती साठवत नाही. फाईल पूर्वीचीच आहे का, हे मुख्यत्वे आकारावरून ताडले जाते. केवळ जोडण्यासाठी उघडलेल्या फायलींना त्यातूनही सूट आहे, आणि ती योग्यच आहे. पण आकार न बदलता मजकूर बदलला असेल, तर जुनी खूण नव्या मजकुरावर जाऊन बसते.

याहून गंभीर बाब बाहेरच्या भागीदाराची. तुलना चेकपॉइंट घेतलेल्या प्रक्रियावृक्षापुरतीच होते. वृक्षाबाहेरील एखादी प्रक्रिया तीच नोंद वापरीत असेल, तर साध्या फाईलच्या बाबतीत ती लक्षातच येत नाही. पुनःस्थापनेनंतर खुणा दोन होतात व आरंभीचाच दोष मागल्या दाराने परत येतो. बाहेरून उघडा क्रमांक हाती देण्याचा पर्याय क्रियूत आहे. परंतु तो कोणत्या फाईलसाठी वापरायचा हे चालकाने आधीच जाणून असावे लागते, आणि साधन त्यास ते सांगत नाही.