आधी गाणं ऐकवा

व्हॉयेजर यानातून गायिका केसरबाई केरकरांचा आवाज अवकाशात गेला, ही गोष्ट सांगितल्याशिवाय कोल्हापुरात संगीतावरचं खुलं व्याख्यान हल्ली पुरं होत नाही. १९७७ साल सांगितलं जातं, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी सांगितली जाते, टाळ्या पडतात. ती साडेतीन मिनिटांची भैरवी मात्र कोणी लावत नाही. अशी व्याख्यानं लागोपाठ ऐकून मन विटलं, म्हणून हे लिहितो आहे.

प्रवेश विनामूल्य, सभागृह बऱ्यापैकी भरलेलं, वक्ता अभ्यासू; आणि तासाभरात गाणं शून्य. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखाँसाहेब यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी नुसतं बोलत राहण्याची या गावाला सवयच जडली असावी. आमलेट्याच्या दरबारात अतोनात गाऊन खाँसाहेबांचा आवाज गेला, हा प्रसंग डोळ्यांत पाणी आणून सांगितला जातो आणि तिथेच सोडून दिला जातो. खरा विषय तर तिथून पुढे सुरू होतो. पहिला आवाज परत येईना, तेव्हा त्यांनी गायकीची सगळी मांडणी नव्याने केली, पेचदार तानेवर आणि लयीच्या गुंफणीवर भर दिला, असं जाणकार मानतात. ते पटवायचं तर शिष्यांच्या तबकड्या आहेत. त्यांच्या शिष्या केसरबाईंची ख्यालाची एखादी तबकडी लावावी, तान उतरायच्या बेताला आली की लोकांना सावध करावं. सरळ खाली येईल असं वाटत असताना ती वळते, पुन्हा वर जाते आणि त्याच ओघात मुखड्याला मिळून समेवर येते. मग तीच जागा पुन्हा लावावी. दुसऱ्या खेपेला श्रोत्याची मान आपोआप हलते. एवढ्यासाठी संगीत शिकलेलं असावं लागत नाही.

संगीताचे अभ्यासक अशोक रानड्यांनी सप्रयोग व्याख्यानाचा केवढा मोठा वस्तुपाठ घालून दिला! विधान करायचं आणि लगेच ते गळ्यातून किंवा ध्वनिमुद्रणातून सिद्ध करायचं. वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय यांच्या तोलावर घराणी मांडली. ते पटो न पटो, त्याचा पडताळा कानानेच घ्यावा लागतो. जॅझच्या इतिहासकारांनी हे फार आधी ओळखलं. त्यांचा सुरुवातीचा इतिहास तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांवरच उभा आहे. १९२८ च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’च्या आरंभी लुई आर्मस्ट्राँग एकटा ट्रम्पेट वाजवतो. ते काही सेकंद न ऐकवता त्याच्यावर बोलायचं म्हणजे कुस्तीचं वर्णन करून पैलवान घडवायचा. आपल्याकडे ‘अलबेला’तल्या (१९५१) सी. रामचंद्रांच्या संगीतावर ‘जॅझचा प्रभाव’ असा शिक्का मारून वक्ते पुढे सरकतात. चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवादक त्या गाण्यांत काय करतो, गाणाऱ्याच्या दोन ओळींमधली जागा कशी भरतो, हे ऐकवायला किती वेळ लागतो?

जॅझ आणि रागसंगीत दोन्हींत उत्स्फूर्तता आहे, म्हणून दोन्ही एकच, असं म्हणणाऱ्यांनी दोन्ही ऐकलेलं नसतं.

संयोजक सांगतात, मोफत कार्यक्रमाला आलेल्या लोकांना हलकंफुलकं लागतं. हे मला साफ नामंजूर आहे. ज्याला शिकवणीची फी आणि मैफलीचं तिकीट परवडत नाही, त्याला गाणं कसं ऐकावं हे सांगणारी हीच एक जागा उरली आहे, आणि तिथेच त्याची किश्शांवर बोळवण करायची? ‘दुर्मिळ ध्वनिमुद्रण मिळत नाही’ ही सबबही आता संपली. बहुतेक सगळं प्रत्येकाच्या मोबाईलवर आहे. नाही तो ‘आता इथे ऐका’ म्हणणारा माणूस.

आणि ऐकवत नाहीत म्हणूनच घराण्याची वंशावळ होऊन बसते. अमक्याचा गंडा तमक्याने बांधला, म्हणून तो आमचा. मल्लिकार्जुन मन्सूर आधी नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकले, मग अल्लादियाखाँचे मुलगे मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडे गेले. भास्करबुवा बखल्यांनी तर तीन घराण्यांची तालीम पचवली. कोल्हापूरच्याच निवृत्तीबुवा सरनाईकांच्या गाण्यात रजबअलीखाँही आहेत आणि अल्लादियाखाँही. कुठे कोण आहे, हे वंशावळीच्या तक्त्यावरून कसं कळणार? बुवांची ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. १८८३ पासून गाणं ऐकत आलेला देवल क्लब याच गावात आहे. तिथे एक संध्याकाळ फक्त निवृत्तीबुवांचा एकच ख्याल, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा ऐकवावा. वक्त्याने दर पाच मिनिटांनी एकच वाक्य बोलावं. लोक उठून जातील म्हणता? कार्यक्रम जाहीर करा, मी पहिल्या रांगेत बसतो आणि मागे वळून रांगा मोजतो.