कापडाची साक्ष

मादाम कामा यांनी स्टुटगार्ट येथे २२ ऑगस्ट १९०७ रोजी फडकविलेल्या ध्वजाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या लेखनातील एक विसंगती आम्हांस खटकते. कुठे त्यावर आठ कमळे असल्याचे वाचावयास मिळते, तर कुठे एक कमळ व सात तारे. असा वाद उताऱ्यांनी मिटत नाही. पुण्याच्या केसरीवाड्यात जतन केलेल्या कापडासच साक्षीस बोलवावे लागते.

ध्वज हे प्रतीक खरेच, पण तो दस्तऐवजही आहे. वीण, शिवण, डाग, ठिगळ ही त्याची अक्षरे. प्रखर उजेडाने रंग विटतो, घडीवर धागा तुटतो. म्हणून तो सपाट पसरून मंद प्रकाशात ठेवावा. मोजमाप, छायाचित्र आणि तो कोणाकडून कोणाकडे आला ही हकीकत नोंदवावी.

आमच्या मराठवाड्यास याचे विशेष अगत्य हवे. निजामी राजवटीत १५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंगा फडकविल्याबद्दल स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली होती. त्या काळचे एखादे निशाण कोणा वाचकाच्या घरी ट्रंकेत असेल, तर ते धुऊ नये, त्यावर इस्त्री फिरवू नये. वडीलधाऱ्यांस आठवते ते आजच वहीत उतरवावे. हकीकत हरवली, तर पुढील पिढीच्या हाती केवळ जुने फडके उरेल.